अर्थ नसलेल्या शब्दाची बाजू

२०२२ सालच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. सातबाऱ्यावरच्या एका चुकीसाठी मी एका सरकारी कार्यालयात फोन लावत होतो. चौथ्या का पाचव्या खेपेला तो उचलला गेला आणि पलीकडून खणखणीत आवाजात 'वंदे मातरम्' आलं. मी गडबडलो. उलट आपणही तेच म्हणायचं, की सरळ गट नंबर सांगायला सुरुवात करायची, हे पटकन ठरेना. शेवटी मीही 'वंदे मातरम्' म्हटलं आणि कामाचं बोलू लागलो. दोन वाक्यं झाली असतील नसतील, तोच रेंज गेली. खरखर सुरू झाली आणि तिच्यातून त्याच गृहस्थांचा आवाज येऊ लागला, 'हॅलो? हॅलो... हॅलो, आवाज येतोय का?'

त्यांनी शासन निर्णय मोडला असं मी म्हणणार नाही. उलट त्या निर्णयावर मी वाचलेल्या सगळ्या अग्रलेखांपेक्षा नेमकी टीका त्यांनी त्या तीन शब्दांत केली, आणि तीही अजाणता.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी १४ ऑगस्ट २०२२ रोजी घोषणा केली की सरकारी कर्मचारी यापुढे फोनवर 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणतील. आक्षेप आल्यावर राष्ट्रभक्ती व्यक्त करणारा दुसरा शब्दही चालेल, असा खुलासा झाला. १ ऑक्टोबरला शासन निर्णय निघाला. त्यात सक्ती नव्हती, आवाहन होतं. पण त्यात दिलेलं कारण मात्र माझ्या मनात घर करून राहिलं. हॅलो हे पाश्चात्त्य संस्कृतीचं अनुकरण आहे, त्या शब्दाला काही विशिष्ट अर्थ नाही आणि त्यातून आपुलकीही निर्माण होत नाही, असा त्याचा आशय होता.

यातलं अर्थ नसण्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. हॅलोला अर्थ नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याच्या बाजूने बोलायला याहून चांगलं कारण सापडणार नाही.

आता हा शब्द आला कुठून ते पाहू. त्याआधी एक कचरा बाजूला सारायला हवा. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलच्या प्रेयसीचं नाव मार्गारेट हॅलो होतं, त्याने पहिला फोन तिला केला आणि तिच्या नावाने हाक मारली, म्हणून आपण हॅलो म्हणतो, हा मजकूर तुमच्याही कुटुंबाच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा येत असेल. बेलचं लग्न १८७७ साली मेबल हबर्डशी झालं. मेबलला लहानपणी स्कार्लेट फीवर झाला होता आणि त्यात तिची ऐकण्याची शक्ती गेली होती. म्हणजे प्रेयसीला फोन करून हाक मारण्याची सोय जगातल्या ज्या थोड्या प्रियकरांना नव्हती, त्यात खुद्द बेल होता. पहिलं वाक्य १० मार्च १८७६ रोजी तारेवरून गेलं ते शेजारच्या खोलीतल्या वॉटसन या मदतनीसाला : इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय. त्यात हॅलो नव्हतंच. बेलला स्वतःला फोनवर 'अहॉय' ही खलाशांची हाक आवडायची.

हॅलो आणलं ते त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, टॉमस एडिसनने. पिट्सबर्गच्या एका तार कंपनीच्या अध्यक्षांना, डेव्हिड नावाच्या गृहस्थांना, त्याने लिहिलेलं दोन ओळींचं पत्र उपलब्ध आहे. तारीख, योगायोगाने, १५ ऑगस्ट. साल १८७७. फोनला घंटी बसवायची की नाही हा तेव्हाचा प्रश्न होता. एडिसनने कळवलं की घंटीची गरज पडेल असं वाटत नाही, कारण हॅलो ही हाक दहा-वीस फुटांवरून ऐकू येते. हे नीट वाचलं की सगळा उलगडा होतो. एडिसन अभिवादन शोधत नव्हता. तो घंटीला पर्याय शोधत होता! पुढच्याच वर्षी, २८ जानेवारी १८७८ रोजी, अमेरिकेतल्या न्यू हेवन गावात पहिलं व्यापारी एक्सचेंज सुरू झालं. त्याच वर्षीच्या त्यांच्या पुस्तिकेत बोलणं 'हलोआ' म्हणून सुरू करावं आणि 'दॅट इज ऑल' म्हणून संपवावं, अशा सूचना होत्या. दुसरी सूचना कोणी पाळली नाही, पहिली जगभर पसरली. एक्सचेंजमध्ये तारा जोडून देणाऱ्या मुलींना 'हॅलो गर्ल्स' म्हणू लागले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची एक्सचेंजेस उघडली तीही २८ जानेवारीलाच, १८८२ साली. आपल्या कानावर हा शब्द पडला तो तारेच्या सोबतीने.

एडिसनने तो घडवला मात्र नाही. इंग्रजीत हॅलो, हलो, हुलो, होला अशा हाका आधीपासून होत्या. शिकारी कुत्र्यांना चेतवण्यासाठी, दूरच्या माणसाचं लक्ष वेधण्यासाठी, कधी नुसतं आश्चर्य दाखवण्यासाठी. कोशकार त्याचा धागा जुन्या जर्मन भाषेतल्या, नदीपलीकडच्या नावाड्याला बोलावण्याच्या हाकेपर्यंत नेतात. त्या क्रियापदाचा अर्थ 'आणणे'. नाव इकडे आण, एवढंच.

हे वाचलं तेव्हा मला माझी आजी आठवली. तिचं माहेर कोकणातल्या खाडीकाठचं. पलीकडच्या काठावर होडी असली की ओठांभोवती दोन्ही हात धरून 'होऽऽऽ' अशी आरोळी ठोकायची, आणि पलीकडून तशीच आरोळी आली की धोतर किंवा लुगडं खोचून तयार राहायचं. पुढे आमच्या शेजाऱ्यांकडे फोन आला. त्या काळी ओळखीपाळखीच्या सगळ्यांना तो 'पी.पी. नंबर' म्हणून दिलेला असे. आत्याचा नागपूरहून ट्रंक कॉल आला की आजी रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरायची आणि पोटातून ओरडायची, 'हॅलोऽऽऽ'. सगळे हसायचे. तिला फोन वापरता येत नाही असं आम्हाला वाटायचं. आता वाटतं, त्या शब्दाचा मूळ उपयोग आमच्या घरात फक्त तिलाच कळला होता.

हॅलो म्हणजे 'तू पलीकडे आहेस का?' तो नमस्कार नाही. तो नमस्काराच्या आधीचा शब्द आहे. मराठीने हे फार अचूक ओळखलं. आपण फोनवर हॅलो म्हणतो, पण मामा दारात आला तर त्याला हॅलो म्हणत नाही. 'या, या' म्हणतो, 'कधी निघालात?' विचारतो. फ्रेंच लोकांचंही असंच आहे. त्यांचं 'अलो' फक्त फोनपुरतं, समोरासमोर 'बोंझूर'. गणपतीच्या मांडवात कार्यकर्ता माइक हातात घेतो आणि 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' म्हणतो तेव्हा तो कोणाला अभिवादन करत असतो? तो वायरला विचारत असतो. 'आमचं फक्त हाय-हॅलो आहे' या वाक्यात ओळख आहे पण घरोबा नाही, हे दोन शब्दांत येतं. आणि हल्लीच्या मुली एखाद्याने रांग मोडली की 'ए हॅलो!' म्हणतात, त्यात तर शिकाऱ्याची जुनी आरोळी जशीच्या तशी जिवंत आहे.

एक गंमत जाता जाता. इंग्रजीतला साधा 'ए' मराठीत 'ए'च होतो : पेन, बेल. मग हॅलोला अर्धचंद्र कुठून आला? माझा तर्क असा, की आपण हा शब्द अमेरिकी उच्चारातून न घेता साहेबाच्या 'हॅलो'वरून घेतला, ज्याच्या स्पेलिंगमध्ये तेव्हा e च्या जागी a हे अक्षर असे (hallo). तर्कच आहे, पण तसं असेल तर खुद्द इंग्रजांनी सोडून दिलेला उच्चार मराठीने सांभाळून ठेवला असं म्हणायचं.

अनुकरणाच्या आरोपाकडे येऊ. परक्या शब्दाला हाकलायचं की ठेवायचं, याची माझी कसोटी सोपी आहे : त्याने कुणाला घराबाहेर काढलं? 'माझी वाइफ' म्हणणाऱ्या माणसाने बायकोला बाहेर काढलं. 'सॉरी'ने 'चुकलं माझं' जवळपास संपवलं, आणि या दोन्हींत चूक कबूल करण्याचा जो फरक आहे तो मला अजून खटकतो. किचन, वॉश, मॅरेज यांच्याबद्दलही मी तासभर कुरकुर करू शकतो. पण हॅलोने मराठीतल्या कोणाची जागा बळकावली? तार नव्हती तेव्हा तारेवरची हाकही नव्हती. भाषाशुद्धीवाल्यांनी टेलिफोनला दूरध्वनी दिला, मेयरला महापौर दिला, पण हॅलोला प्रतिशब्द रुजवला नाही. भाषांतर करायला त्यात काही नव्हतंच. आणि परकेपणाचंच म्हणाल तर ज्या कचेरीत हा निर्णय पाळायचा, तिथल्या तहसील, अर्ज, दफ्तर, शिक्का या शब्दांच्या जन्मपत्रिका काढा. फारसी-अरबी निघतील. छत्रपतींना आपण त्रिवार मुजरा करतो, तो मुजराही अरबीतूनच आलेला. त्यात कुणाला अनुकरण दिसत नाही, आणि दिसूही नये.

माझा खरा मुद्दा आपुलकीचा आहे. शासन निर्णय म्हणतो की हॅलोमध्ये आपुलकी नाही. बरोबर. पण आपल्याकडे ज्या अभिवादनांत आपुलकी आहे, त्यांची यादी जरा मनात आणा. राम राम. रामकृष्ण हरी. जय भीम. जय जिजाऊ. जय महाराष्ट्र. सलाम आलेकुम. जय जिनेंद्र. विदर्भातल्या गोंडांचं जय सेवा, आदिवासींचा जोहार. गोव्यात देव बरो दीस दिवं. एकेका शब्दात केवढा इतिहास भरलाय! कामठीच्या बाबू हरदास यांनी रूढ केलेला 'जय भीम' म्हणताना माणूस नुसती दुसऱ्याची विचारपूस करत नाही, मान वर करून आपली ओळख सांगतो. तो त्याचा हक्क आहे. पण ओळख सांगणारा शब्द ओळख विचारतोही. महाराष्ट्रात कोणी तुम्हाला कशी साद घालतो, यावरून त्याचं गाव, पंथ, पक्ष, बरेचदा जात हे सगळं पहिल्या दोन सेकंदांत उघडं पडतं. आणि तुम्ही उलट काय म्हणता यावरून तुमचंही.

इथे सरकारने अभिवादनात हात घालण्याचा एक जुना दाखला सांगितला पाहिजे. १७७९ साली मुंबईत ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने अभिवादनाविषयी एक ठराव केला होता. सोनार 'नमस्कार' म्हणू लागले होते. ब्राह्मणांचं म्हणणं होतं की त्यांना तो अधिकार नाही. पेशव्यांकडून तक्रारी येत राहिल्या, आणि कंपनी सरकारने सोनारांना 'नमस्कार' म्हणायला बंदी घातली. डॉ. आंबेडकरांनी जातीव्यवस्थेवर लिहिताना हा दाखला दिला आहे. आज ज्या 'नमस्कार'कडे आपण अगदी सोज्वळ, सर्वांचा शब्द म्हणून बघतो, तो एके काळी या शहरात सरकारी हुकमाने काही माणसांना मना होता. दोन्ही हात जोडण्याचंही लायसन लागत होतं.

२०२२ चं आवाहन आणि १७७९ ची बंदी एकाच पंक्तीला बसवावी, असं मी म्हणत नाही. एकाने मनाई केली, दुसऱ्याने आग्रह केला. हेतूही वेगळे होते. पण कोणी कोणाला काय म्हणून साद घालावी हे सरकारने ठरवावं, हा विचार दोन्हीकडे एकच आहे, आणि या मातीत तो विचार कुठे जातो हे आपल्याला ठाऊक असायला हवं. या पार्श्वभूमीवर तारेवरून आलेला एक बिनअर्थाचा शब्द काय करतो ते बघा. फोन उचलणाऱ्याला ठाऊक नसतं की पलीकडे तहसीलदार आहे की तमासगीर, बुवा आहे की बेगम. तरी तो सगळ्यांना एकच शब्द देतो. त्यात वाकणं नाही, वाकवणं नाही. हॅलो कोणाला म्हणावं नि कोणी म्हणू नये, याचा शास्त्रार्थ आजवर कुठल्या पीठात झालेला नाही. महाराष्ट्रात इतका समान असलेला दुसरा शब्द मला तरी आठवत नाही.

आता कोणी म्हणेल, मग 'वंदे मातरम्'ला तुमचा विरोध आहे का? मुळीच नाही. माझी तक्रार त्याच्याच बाजूची आहे. मराठवाड्यातल्या लोकांना हे सांगायला नको. १९३८ साली निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजमधल्या मुलांनी हे गीत म्हणण्याच्या हक्कासाठी संप केला. तो उस्मानिया विद्यापीठापर्यंत पोचला. मुलांना कॉलेजांतून काढून टाकलं गेलं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने जागा दिली. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्या चळवळीपायी संस्थान सोडून नागपूरला आलेल्यांपैकी एक. शिक्षण पणाला लावून उच्चारलेले हे दोन शब्द आहेत. ते 'साहेब जेवायला गेलेत, तीननंतर लावा' या वाक्याच्या आधी जोडायचे? दिवसातून पन्नास वेळा, रिसीव्हर खांद्यात अडकवून, समोरच्या कागदावर सही करता करता? ज्या शब्दासाठी उभं राहायचं तो बसल्या खुर्चीत घंटीच्या जागी लावला, तर झिजतो तो शब्द. घंटीचं काही बिघडत नाही.

शेवटी मुद्दा उरतो सरकारी फोनचा. तिथे सुधारणा नकोच असं कोण म्हणेल? पण सुधारायचं असेल तर नागरिकाच्या बाजूने बघा. मला फोन उचलल्यावर तीन गोष्टी हव्या असतात : हे कोणतं कार्यालय, बोलणारं कोण, आणि माझ्या अर्जाचं काय झालं. 'भूमी अभिलेख कार्यालय, मी अमुक बोलतोय, बोला' एवढं एक वाक्य कानावर पडलं असतं तर मी त्या शासन निर्णयाची फोटोप्रत भिंतीवर लावली असती. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, दिली नाही तर अपील कोणाकडे, हे त्यात आहे. फोनवरचा माणूस आपलं नाव सांगत नाही तोवर त्या कायद्याचं पहिलं पाऊलच पडत नाही. कोणाविरुद्ध अपील करायचं?

केरळात पालक्काड जिल्ह्यातल्या मात्तूर ग्रामपंचायतीने २०२१ साली याच प्रकारचा, पण उलट्या दिशेचा निर्णय घेतला. लोकांनी पंचायतीत येऊन 'सर', 'मॅडम' म्हणण्याची गरज नाही, हुद्द्याने किंवा नावाने बोलावलं तरी चालेल. तिथेही बाद झाले ते इंग्रजीच शब्द. पण कारण इंग्रजीचं नव्हतं. कारण असं की आपल्याच पैशाने चालणाऱ्या कचेरीत माणसाने खांदे पाडून का उभं राहावं. तो निर्णय नागरिकाच्या डोक्यावरचं ओझं उतरवणारा होता. आपल्या निर्णयाने फोन करणाऱ्याला एक नवीन कोडं घातलं : आता उलट काय म्हणायचं, आणि नाही म्हटलं तर काम अडेल का? माझ्यासारख्याला ते दोन सेकंद पडलं. ज्याचं नाव वेगळं आहे, त्याला किती वेळ पडलं असेल ते मी सांगू शकत नाही.

बाकी हॅलोचं काय व्हायचं ते सरकारशिवायच होत आलंय. मोबाइलवर कोण बोलतंय ते उचलण्याआधीच दिसतं. त्यामुळे 'आहेस का?' विचारायची गरज उरली नाही. ऐकून बघा, ओळखीच्या फोनला आता कोणी हॅलो म्हणत नाही. 'हां, बोल.' 'बोल गं.' 'बोला साहेब.' इटालियन माणूस फोनवर 'प्रोंतो' म्हणतो, म्हणजे मी तयार आहे. स्पॅनिश माणूस 'दिगा' म्हणतो, म्हणजे सांगा. जपानी 'मोशी मोशी'चं मूळ बोलण्याच्याच क्रियापदात आहे. आपलं 'बोला' त्याच घराण्यातलं. कोणत्याही समितीने ते सुचवलं नाही, ठराव झाला नाही, आणि तरी बस स्टँडपासून मंत्रालयापर्यंत ते चालतं. हॅलो आता उरलाय तो रेंज जाते तेव्हा, माइक हातात येतो तेव्हा, आणि अनोळखी नंबर आला की. तेव्हाही आपण तो जरा जपूनच उच्चारतो आणि पुढचा आवाज कानावर पडेपर्यंत गप्प राहतो. खाडीपलीकडून आरोळी परत येईपर्यंत आजी थांबायची, तेवढंच.